हेलियमच्या थेंबातील उसनवारी
[ध्वनिक्षेपित भाषणाचा मजकूर]

महाड आणि पोलादपूर ह्या दोन तालुक्यांतील शाळांतून मुलांना विज्ञानाची तोंडओळख करून देण्यात माझी छत्तीस वर्षे गेली. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत आणि त्यापुढे अध्यापनवर्गाचे; तेव्हा मी शास्त्रज्ञ नव्हे, हे आरंभीच सांगून टाकतो. ह्या छत्तीस वर्षांत हेलियम वायूसंबंधी मी दोन विधाने प्रतिवर्षी न चुकता करीत आलो. पहिले असे की, हेलियमचा शोध आपल्या कोकणात, विजयदुर्गच्या किल्ल्यावर लागला. दुसरे असे की, हेलियम हा वायूंमधला संन्यासी होय; तो कोणाशी कसलाही संबंध जोडीत नाही. दोन्ही विधाने मी फळ्यावर लिहीत असे, मुले ती वहीत उतरून घेत, आणि परीक्षेत त्यांस त्याबद्दल पुरे गुणही मिळत.

सेवेतून निवृत्त झाल्यानंतर एका गौरीगणपतीस माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटावयास आली. ती मूळची पोलादपूर तालुक्यातली. परदेशी एका प्रयोगशाळेत ती काम करते. नमस्कार करून ती हसत म्हणाली, "गुरुजी, तुमचा संन्यासी आमच्याकडे चांगला संसारी निघाला हो!" मी विचारले, "तो कसा काय, बाळ?" त्यावर तिने माझ्या ओटीवर बसून दोन तास मला जे सांगितले, आणि पुढे पुस्तके मिळवून मी जे पडताळून पाहिले, ते आज आपणांपुढे मांडावयाचे आहे. चुकीचे शिकविलेले दुरुस्त करणे हे शिक्षकाचे कर्ज आहे, आणि ते निवृत्तीने फिटत नाही.

प्रथम विजयदुर्गाचा निकाल लावू. दिनांक १८ ऑगस्ट १८६८ रोजी हिंदुस्थानातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. फ्रेंच ज्योतिषी जान्सेन हे ते पाहण्यासाठी गुंटूरला आले होते. पॉग्सन हे मच्छलीपट्टणला होते. लेफ्टनंट जॉन हर्शेल हे पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात दुर्बीण लावून बसले होते. ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली. आरंभी ती मिठातील सोडियमची समजली गेली. परंतु तिची जागा सोडियमच्या रेषांशी जुळेना. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला नॉर्मन लॉकियर ह्यांनी इंग्लंडात बसून, ग्रहणावाचून, ह्या ज्वालांचा वर्णपट पाहिला, आणि पुढे ती पिवळी रेषा पृथ्वीवर अज्ञात असलेल्या एका मूलद्रव्याची असावी असे मत मांडले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्यास हेलियम म्हणण्यात आले. म्हणजे १८६८ साली लॉकियर विजयदुर्गास नव्हते. ते तेथे आले खरे, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्या वेळी हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षे होत आली होती, कारण १८९५ साली रॅम्से ह्यांनी लंडनला युरेनियमयुक्त खनिजातून तो वायू काढून दाखविला होता. किल्ल्यावरील ज्या चौथऱ्यांना लोक 'साहेबाचे कट्टे' म्हणतात, त्यांचे महत्त्व ह्यामुळे कमी होत नाही. फक्त त्यांच्यावर चिकटविलेली तारीख बदलावी लागते.

आपल्या मुलुखाचे आणि हेलियमचे नाते पाहावयाचे असेल तर त्यासाठी सूर्याकडे जाण्याचे कारण नाही. महाडपासून जवळच, सावित्रीच्या काठी, सव येथे ऊन पाण्याचे झरे आहेत. असे झरे पालीजवळच्या उन्हेऱ्यापासून राजापुरापर्यंत कोकणात ठिकठिकाणी आहेत. अशा झऱ्यांतून पाण्याबरोबर जे बुडबुडे येतात, त्यांत बहुतांश नायट्रोजन असून त्याच्यासवे थोडा हेलियम असतो. बंगालमधील बक्रेश्वरच्या झऱ्यांत तर त्याचे प्रमाण शेकडा एकाहून अधिक भरले आहे. हा हेलियम येतो कोठून? खोल खडकातील युरेनियम व थोरियम ह्यांचे अणू आपोआप फुटत असतात आणि त्यांतून जे अल्फा कण बाहेर पडतात ते हेलियमचे केंद्रकच होत. रदरफर्ड आणि रॉइड्स ह्यांनी हे १९०८ च्या सुमारास प्रयोगाने सिद्ध केले. तात्पर्य, फुगेवाल्याच्या फुग्यातील हेलियमदेखील कोणे एके काळी अशाच खडकाच्या पोटात जन्मलेला असतो.

आता हेलियमला संन्यासी का म्हणतात ते पाहू. त्याच्या अणूत दोन इलेक्ट्रॉन असतात आणि त्या दोहोंनी त्याचे घर पुरते भरते. तिसऱ्यास जागा नाही, आणि असलेल्या दोघांपैकी एकास सोडण्याची त्याची तयारी नाही. एक इलेक्ट्रॉन काढावयाचा तर २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा खर्चावी लागते. हे माप म्हणजे काय? एक व्होल्ट दाबातून इलेक्ट्रॉन धावला म्हणजे त्यास जी ऊर्जा मिळते ती एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. विजेरीतील एक सेल दीड व्होल्टचा असतो. म्हणजे असे सोळा-सतरा सेल एकापुढे एक जोडावे तेव्हा कोठे हेलियमचा इलेक्ट्रॉन सुटेल. पाण्याच्या रेणूचे काम १२.६ मध्ये होते, सोडियमचे ५.१ मध्येच. इतकी घट्ट मूठ दुसऱ्या कोणत्याही मूलद्रव्याची नाही. हेलियमच्या अणूंना परस्परांविषयीही ओढ फारच थोडी. म्हणूनच तो वायू उणे २६९ अंशांपर्यंत थंड केल्यावाचून द्रवरूप होत नाही. लायडन येथे कामरलिंग ओनेस ह्यांनी १० जुलै १९०८ रोजी ते प्रथम साधले.

अशा ह्या द्रव हेलियमचा थेंब कसा करतात? अतिशय थंड केलेला हेलियम वायू, वातावरणाच्या वीस ते ऐंशी पट दाबाखाली, एका सूक्ष्म छिद्रातून निर्वात पोकळीत सोडतात. छिद्र एक मिलीमीटरच्या दोनशेव्या भागाएवढे. बाहेर पडताच वायू एकदम फैलावतो, आणखी थंड होतो, आणि त्याचे अणू एकत्र येऊन थेंब बनतात. आंबेनळी घाटात खालून आलेली दमट हवा वर चढता चढता फैलावते, गार होते आणि धुके होऊन झाडांना लागते, त्याच जातीचा हा प्रकार. असे थेंब प्रथम १९६१ साली जर्मनीत कार्ल्सरूह येथे बेकर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी तयार केले. दहा हजार अणूंचा एक थेंब घेतला तर त्याचा व्यास मिलीमीटरच्या एक लक्षाव्या भागाइतका भरतो. माणसाच्या केसाच्या जाडीवर असे सात-आठ हजार थेंब ओळीने बसतील. पोकळीत शिरल्यावर थेंबाच्या पृष्ठावरून काही अणू उडून जातात आणि जाताना उष्णता नेतात. उन्हाळ्यात माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने हा थेंब गार होऊन निरपेक्ष शून्याच्या वर ०.३७ अंशावर स्थिर होतो. ह्या अवस्थेत तो अतिप्रवाही असतो. म्हणजे त्यातून फिरणाऱ्या कणास सावकाश गतीने जाताना घर्षण असे होत नाही.

हे थेंब सेकंदाला दोनशे ते चारशे मीटर वेगाने धावतात. वाटेत ज्या पदार्थाचा अभ्यास करावयाचा त्याची विरळ वाफ ठेवलेली असते. पोलादपूरच्या फाट्यावर एस.टी.ने उतारू घ्यावा, त्याप्रमाणे थेंब त्या पदार्थाचा एखादा रेणू उचलतो. बहुतेक पाहुणे थेंबाच्या आत जाऊन बसतात. सोडियम, पोटॅशियम इत्यादी धातूंचे अणू मात्र आत शिरत नाहीत. ते पृष्ठभागावरच एका उथळ खळगीत बसून प्रवास करतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता मुख्य प्रसंग. ह्या थेंबावर इलेक्ट्रॉनांचा मारा करतात. तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन विजेच्या दाबाने पळवून थेंबांच्या वाटेत आडवे सोडले जातात; त्यांची ऊर्जा बहुधा सत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ठेवतात. थेंबात पाहुणा एक आणि यजमान दहा हजार. तेव्हा आघात पाहुण्यावर होण्याचा संभव नगण्य. तो होतो एखाद्या हेलियमच्या अणूवर. त्याच्या दोन इलेक्ट्रॉनांपैकी एक उडतो आणि मागे धनभारित अणू, म्हणजेच हेलियमचा आयन, उरतो. इतके झाले, तर शेवटी यंत्रात हेलियमचेच आयन सापडावेत. परंतु प्रत्यक्षात पाहुण्याचे आयन मुबलक सापडतात. मार यजमानाला, आणि जखम पाहुण्याला! हे कसे घडते?

येथे मी माझ्या विद्यार्थिनीस थांबवून म्हटले, "बाळ, मला हे आपल्या गावच्या भाषेत सांग." तिने दिलेला दृष्टान्त मी तसाच आपणांस सांगतो. एका वाडीत दहा हजार घरे आहेत अशी कल्पना करा. प्रत्येक घरात नेमके दोन पायल्या तांदूळ. कमी नाही, जास्त नाही. एका रात्री दरोडा पडला आणि एका घरची एक पायली गेली. त्या घराने शेजारी जाऊन एक पायली उसनी आणली. ह्याचे दोन झाले. पण शेजाऱ्याकडे एकच उरली. मग शेजाऱ्याने पलीकडच्या घरातून उसनी आणली. तूट तीच, पण ती घरोघर फिरू लागली. सर्व घरे सारखीच असल्यामुळे ह्या देवघेवीत कोणास काही खर्च येत नाही, आणि म्हणून ती अतिशय त्वरेने चालते.

हेलियमच्या थेंबात असेच घडते. आयन झालेला अणू शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो. अणू जागचा हलत नाही, पण भार एका अणूवरून दुसऱ्यावर उडी घेतो. अशा उड्या सुमारे दहा होतात. सेकंदाचे दहा लक्ष कोटी भाग केले तर त्यांतील एखाददुसऱ्या भागात हा सर्व खेळ संपतो. तो संपतो दोन रीतींनी.

पहिली रीत. दोन शेजारी घरे विचार करतात की ही उसनवार किती दिवस चालवावयाची? आपण दोघे मिळून तीन पायल्या वाटून घेऊ आणि एका चुलीवर जेवू. हेलियमचे दोन अणू जवळ येतात, दोघांचे मिळून तीन इलेक्ट्रॉन समाईक करतात आणि त्यांचा एक आयन-रेणू बनतो. ज्या हेलियमास मी संन्यासी म्हणत होतो, तो एक इलेक्ट्रॉन हरवताच असा पक्का संसार मांडतो! हा बंध लेचापेचा नव्हे. तो तोडावयास सुमारे २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. बंध जुळताना तेवढीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. एक हेलियम अणू थेंबावरून उडण्यास ह्या मापाचा सुमारे दीड-सहस्रांश भाग पुरतो. म्हणजे दोन अणूंच्या ह्या एका लग्नात चार हजारांच्या आसपास वऱ्हाडी उधळले जाऊ शकतात. पुष्कळदा जोडपे स्वतःच थेंबाबाहेर फेकले जाते. कधी काही सोबत्यांसह जाते. म्हणूनच यंत्रात दोन, तीन, चार अशा क्रमाने वाढत जाणाऱ्या हेलियमच्या गटांचे आयन दिसतात.

आयन आतच राहिला तर आणखी एक मौज घडते. त्याच्या भाराने भोवतालचे हेलियम अणू इतके जवळ खेचले जातात की द्रव असूनही त्याच्याभोवती घनासारखे कवच तयार होते. अॅटकिन्स ह्यांनी १९५९ साली ही कल्पना मांडली. शास्त्रज्ञ तिला 'बर्फाचा गोळा' असे नाव देतात. उलट, थेंबात सापडलेला सावकाश इलेक्ट्रॉन ह्याच्या अगदी विरुद्ध वागतो. हेलियमच्या भरलेल्या घरात त्यास कोणी घेत नाही. तो सभोवारचे अणू दूर लोटून एका पोकळ बुडबुड्यात एकटाच राहतो. एका भाराने शेजारी गोळा होतात, दुसऱ्याने दूर पळतात.

दुसरी रीत पाहुण्याची. तूट फिरत फिरत पाहुण्याच्या दाराशी आली. पाहुण्याची मूठ सैल. हेलियमचे २४.६, तर पाण्याच्या रेणूचे १२.६. पाहुण्याचा इलेक्ट्रॉन हिसकावला जातो, आणि ह्या वेळी मात्र तो परत मागण्याची सोय नाही, कारण पाहुण्यास इतक्या मोठ्या किंमतीचे उसने कोणी देणार नाही. उसनवारीचा फेरा तेथे संपतो. शिवाय तूट थोडीशी पाहुण्याच्या दिशेनेच ओढली जाते, कारण भार आणि पाहुणा ह्यांच्यात आकर्षण असते; उतारावरचे पाणी ओढ्याकडे जावे तशी. दोन्ही किंमतींतील फरक, पाण्याच्या बाबतीत बारा इलेक्ट्रॉन-व्होल्ट, हा पाहुण्याच्याच माथी बसतो. दहा हजार अणूंचा अख्खा थेंब उडवून लावण्यास तो पुरेल. एकट्या रेणूस इतका धक्का बसला तर त्याचे तुकडे होतात. थेंबातील हेलियम पुष्कळशी उष्णता स्वतः शोषून आणि स्वतः उडून जाऊन पाहुण्यास काही अंशी वाचवितो. नेहमी वाचवितोच असे नाही.

कोणी विचारील की, ही गोष्ट ऐकावयास बरी, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबात हेच घडते कशावरून? प्रश्न रास्त आहे, आणि विज्ञानात उत्तराइतकेच महत्त्व त्याला असते. पुरावा दोन प्रकारचा आहे. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा हळूहळू वाढवीत जावे. आत बसलेल्या पाहुण्याचे आयन पाहुण्याच्या स्वतःच्या बारा-तेरा ह्या किंमतीला दिसू लागत नाहीत. ते भरघोस मिळू लागतात ते हेलियमची २४.६ ही किंमत भरल्यानंतर. ह्याचा अर्थ दरोडा हेलियमच्या घरीच पडतो. दुसरे, थेंब लहान असता पाहुण्याचे आयन पुष्कळ मिळतात आणि थेंब जसजसा मोठा करावा तसतसे ते घटत जातात. तूट अमर्याद फिरत असती तर वाडीच्या आकाराने फरक पडला ना. ती मोजक्याच उड्या घेऊन कोठेतरी स्थिरावते, म्हणूनच मोठ्या वाडीत ती पाहुण्यापर्यंत पोचण्यापूर्वी दोघे शेजारी संसार मांडून मोकळे होतात. ह्याच हिशेबावरून उड्यांची संख्या सुमारे दहा असावी असे ठरविण्यात आले आहे.

आणि ज्यांची आठवण मी ठेवावयास सांगितली होती ते पृष्ठभागावर बसणारे धातूंचे अणू? त्यांचा प्रकार निराळा. इलेक्ट्रॉनाची ऊर्जा वीस-एकवीसच्या आसपास असली तर हेलियमचा इलेक्ट्रॉन सुटत नाही, पण अणू चेतविला जातो. घर लुटले गेले नाही, फक्त घरमालक खडबडून उठला. असा चेतविलेला अणू द्रवात सुखाने राहू शकत नाही, तो पृष्ठभागाकडे येतो. तेथे त्याची गाठ सोडियमसारख्या अणूशी पडते, आणि तो आपली साठलेली ऊर्जा त्यास देऊन त्याचा इलेक्ट्रॉन उडवितो. म्हणून पृष्ठभागावरच्या पाहुण्यांचे आयन २४.६ च्या कितीतरी अगोदर दिसू लागतात. आतल्या पाहुण्याला धोका उसनवारीचा. ओसरीवरच्या पाहुण्याला धोका चिडलेल्या यजमानाचा. एकाच थेंबात आयन होण्याच्या ह्या दोन वाटा ऊर्जेच्या मापाने स्पष्ट वेगळ्या करता येतात.

मोठ्या थेंबांत एकाहून अधिक दरोडेही पडतात. पूर्वी समज असा होता की एका थेंबात दोन भार पडले की ते परस्परांस ढकलून थेंब फोडतील. परंतु २०१९ साली ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील संशोधकांनी दाखविले की पुरेसा मोठा थेंब अनेक भार एकाच वेळी सुखरूप बाळगू शकतो. भार एकमेकांपासून जमेल तितके दूर, थेंबाच्या कडेजवळ, आपापल्या जागा धरून राहतात.

ह्या सर्वांचा उपयोग काय, असे गृहिणींनी विचारले तर त्यांस दोन गोष्टी सांगता येतील. पहिली आरोग्याची. क्ष-किरण वा अन्य किरण शरीरात शिरतात तेव्हा पेशींतील नाजूक रेणूंवर थेट आघात क्वचित होतो. आघात होतो भोवतालच्या विपुल पाण्यावर, आणि इजा पुढे त्या रेणूंकडे जाते. मार एकास आणि जखम दुसऱ्यास, हा न्याय तेथेही लागू आहे. शरीरात ह्या घटना इतक्या गुंतलेल्या असतात की एकेक पायरी सुटी करणे कठीण. हेलियमच्या थेंबात यजमान एकाच जातीचा, पाहुणा आपल्या पसंतीचा, आणि उष्णतेची गडबड जवळजवळ नाही. म्हणून पायऱ्या मोजता येतात.

दुसरी गोष्ट आकाशाची, आणि तीच माझ्या विद्यार्थिनीने डोळ्यांत चमक आणून सांगितली. दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश आपणांकडे येताना वाटेतील विरळ वायूंतून येतो आणि त्याच्या वर्णपटात काही अंधुक काळे पट्टे उमटतात. १९१९ च्या सुमारापासून ते ठाऊक होते. परंतु ते कोणत्या पदार्थाचे, हे कोणास सांगता येईना. १९९४ साली अशा दोन पट्ट्यांविषयी असा तर्क निघाला की ते साठ कार्बन अणूंच्या, चेंडूसारख्या रेणूच्या आयनाचे असावेत. तर्क पडताळावा कसा? तो आयन अतिथंड आणि मोकळा असताना त्याचा वर्णपट घ्यावयास हवा. २०१५ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे तो आयन एका सापळ्यात थंड करून, त्यास हेलियमचा अणू चिकटवून, हे साधण्यात आले, आणि जागा तंतोतंत जुळल्या. इन्सब्रुकच्या लोकांनी हेच काम हेलियमच्या थेंबांतून केले. थेंबात तो कार्बनचा चेंडू पाहुणा म्हणून ठेवला, इलेक्ट्रॉनांचा मारा केला, उसनवारीने चेंडू आयन झाला आणि अंगाला काही हेलियम अणू चिकटवून बाहेर आला. त्यावर प्रकाश टाकला. योग्य रंगाचा प्रकाश शोषला जाताच चिकटलेले अणू गळून पडले आणि वजनात फरक दिसला. कोणत्या रंगाला वजन घटते, हे टिपले की वर्णपट तयार.

श्रोतेहो, ह्यातील योगायोग पाहण्यासारखा आहे. १८६८ साली सूर्याच्या वर्णपटातील एका अनोळखी रेषेवरून हेलियमची ओळख पटली. आज तोच हेलियम आपल्या थेंबात पाहुणा बसवून, आकाशातील इतर अनोळखी रेषांची ओळख पटवून देण्यास मदत करतो. आणखी एक गोष्ट. विश्वाच्या आरंभी जो पहिला रेणू जुळला तो हेलियम आणि हायड्रोजनचे केंद्रक ह्यांच्या मिलनाचा आयन असावा, असे शास्त्रज्ञ फार दिवस मानीत होते. प्रयोगशाळेत तो १९२५ सालीच मिळाला होता. आकाशात तो सापडत नव्हता. अखेर एन.जी.सी. ७०२७ नामक तेजोमेघात तो असल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्यास आम्ही मास्तर लोक संन्यासी म्हणत आलो, विश्वातले पहिले लग्न त्याच्याच घरचे!

मग माझे जुने विधान सर्वस्वी खोटे होते काय? तसेही नव्हे. दोन्ही इलेक्ट्रॉन जागेवर असेतोपर्यंत हेलियम खरोखरीच विरक्त असतो. माझी चूक इतकीच की, अट न सांगता मी नियम सांगितला. विजयदुर्गाच्या बाबतीतही तीच गत. लॉकियर आले हे खरे, ग्रहण झाले हे खरे, पण दोन ग्रहणांची मी एक मोट बांधली. शाळेतील पुष्कळसे असत्य हे असेच असते; ते बहुधा सत्याचाच कापून छोटा केलेला तुकडा असते.

जाताना त्या मुलीने मला विचारले, "गुरुजी, सवच्या कुंडातल्या बुडबुड्यांविषयी तुम्ही आम्हांला शाळेत कधी का सांगितलं नाहीत?" मी म्हटले, "मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का, बाळ?" ती काही बोलली नाही. पुढल्याच आठवड्यात मी आळीतल्या चार मुलांना घेऊन सव येथे गेलो. बुडबुडे वर येत होते, फुटत होते. मी मुलांस म्हणालो, ह्यात थोडासा हेलियम आहे; तो आपल्या पायाखालच्या खडकात जन्मला, आणि वर येऊन हवेत निघून चालला आहे. एका पोराने लगेच विचारले, "आजोबा, तो कुणाला मिळत नाही का?" माझ्यापाशी ह्या खेपेस उत्तर होते. मी म्हटले, "तो आपणहून कुणाच्या घरी जात नाही. पण त्याचं एक हरवलं, म्हणजे मग पाहा!"

ज्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या कानी हे भाषण पडले असेल, त्यांनी आपल्या वहीतील ती दोन वाक्ये दुरुस्त करून घ्यावीत, आणि आपल्या मुलांस शिकविताना दुरुस्त करूनच शिकवावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.